पेरलेले मोती

“आधी हात पुसा! मग त्या पेटीला लावा,” शिनोबाई कडाडल्या, तसा ओनोदेरांनी पुढे केलेला हात चटकन मागे घेतला.

ओनोदेरा म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. जपानी वकिलातीतले सचिव, टोकियोच्या नावाजलेल्या विद्यापीठात अरबी शिकलेले, राजदूतांचे दुभाषी. पण राजदूतांच्या बंगल्यातल्या स्वयंपाकघरात त्यांचं काही चालत नसे. तिथे हामागुची शिनो म्हणतील ती पूर्व दिशा. ठेंगणी, रुंद खांद्यांची, साठीकडे झुकलेली ही विधवा बाई राजदूत कुझे साहेबांच्या घरी वर्षानुवर्षं रांधत होती. साहेबांची बदली जिथे होईल तिथे तिच्या सुऱ्या आणि तिचं मिसोचं, आंबवलेल्या सोयाबीनचं, मडकं जायचं. असं करत करत ती या वाळवंटातल्या अमिरातीत येऊन पोचली होती.

“मी फक्त गाठ नीट आहे का बघत होतो, शिनोबाई.”

“मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलेली बोटं ती! रेशमावर डाग पडला म्हणजे? आज शेख येणार आहेत, तुमचा कॉलेजातला दोस्त नव्हे.”

“तुम्ही मला अजून शाळकरी पोरगाच समजता.”

“पोराला एवढं तरी कळतं,” बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. आज त्यांचा मूड झकास होता. तो का, ते त्या पेटीत होतं.

पेटीत मोत्यांचा सर होता. टोकियोहून विमानाने आलेला, जांभळ्या रेशमात गुंडाळलेला, एकसारखा गोल, दुधावर गुलाबी झाक मारावी तशा रंगाचा. आणि ती भेट सुचवली होती शिनोबाईंनी. महिन्यापूर्वी कुझे साहेब सकाळी स्वयंपाकघरात आले, पोटदुखीवरचं औषध घेता घेता म्हणाले, “शिनोबाई, एखाद्या मोठ्या माणसाला द्यावं असं आपल्याकडचं काय हो?” बाईंनी कढईवरून मान वर न करता सांगितलं होतं, “मोती. आमच्या गावचे, शिमाच्या किनाऱ्यावरचे.” साहेबांना ते पटलं. तार गेली, मंत्रालयाला पटलं, आणि सर आला. आपल्या तोंडचा शब्द टोकियोच्या मंत्रालयाने उचलला, म्हणून बाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता या भेटीवर केवढं अवलंबून होतं ते सांगायला हवं. मागल्या शरदात तिकडे युद्ध पेटलं आणि अरबांनी तेलाचा नळ आवळला. जपानची तर बोबडीच वळली. टोकियोच्या गिंझा बाजारातले दिवे मालवले, दुकानांतून बायका संडासातल्या कागदासाठी एकमेकींच्या झिंज्या धरायला लागल्या, आणि कालपर्यंत अमेरिकेच्या मागून चालणाऱ्या सरकारने रातोरात जाहीर केलं की आमचं मन पहिल्यापासून अरबांकडेच होतं. अडला हरी, दुसरं काय! कुझे साहेबांना हुकूम आला, काहीही करा पण या अमिरातीशी तेलाचा दीर्घ मुदतीचा करार करा, महिनाअखेर जमलं नाही तर परत या. परत या म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका कोपऱ्यातली खुर्ची, आणि पाठीमागे कुजबुज.

शिनोबाईंना या करारातलं राजकारण कळत नव्हतं, पण त्याचा अर्थ मात्र नेमका ठाऊक होता. गावी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची बोनिटो माशांची बोट डिझेलवाचून धक्क्याला बांधून पडली होती. बोट निघाली नाही तर बहिणीची चूल पेटत नाही. तेव्हा करार म्हणजे ती बोट. एवढं साधं होतं ते.

आणि करार अडला होता शेख घानिम यांच्यापाशी. अमीरांचे हे चुलते. त्यांच्या होकाराशिवाय तेलाचा थेंब हलत नसे. तीन वर्षं कुझे साहेब दर आठवड्याला त्यांच्या बैठकीत जाऊन मांडी घालून बसले, कडू कॉफी प्यायले, उन्हाळ्याहिवाळ्याच्या गप्पा मारून परत आले. शेख इंग्रजांकडे जेवले, अमेरिकनांकडे जेवले. जपान्यांच्या घरी मात्र त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. गेल्या आठवड्यात मात्र “येतो जेवायला” म्हणाले, आणि वकिलातीत दिवाळी झाली.

“शिनोबाई,” ओनोदेरा हात पुसत म्हणाले, “साहेबांनी आज चुकूनही ‘अनुकूल विचार करू’ म्हणू नये अशी काहीतरी प्रार्थना करा.”

“का हो?”

“मी त्याचं अरबी शब्दाला शब्द करतो. समोरच्याला वाटतं, काम झालं. आणि आपल्याकडे त्याचा अर्थ...”

“नाही!” बाईंनी वाक्य पुरं केलं. “मला नका सांगू. साहेब ‘सुट्टीचा विचार करू’ म्हणाले की मी बॅग परत माळ्यावर टाकते.”

तेवढ्यात मागच्या दाराने मरझूक आला. हा बंगल्याचा म्हातारा दरवान. बाजारहाटही तोच करायचा. काळा कुळकुळीत, एका कानाने बहिरा, आणि मासे निवडण्यात पक्का. बाईंची अरबी मोडकी आणि मरझूकची जपानी त्याहून मोडकी, पण माशांवरून दोघं तासन् तास भांडत. आज त्याने चांगला हातभर लांबीचा हामूर मासा आणला होता.

“घे बहिणी. सकाळी पोहत होता. शेख खातील आणि म्हणतील, कुणी आणला? तेव्हा माझं नाव सांग.”

“डोळे बघू आधी त्याचे. मागच्या खेपेला पोहत होता म्हणालास तो बहुतेक बर्फात पोहत होता.”

“अल्ला! या बाईच्या जिभेला काटे आहेत,” मरझूक म्हणाला आणि खूश होऊन दाराशी टेकला.

*

शेख वेळेवर आले. उंच, वाळके, दाढी पांढरी, उजव्या डोळ्यात पडदा. बरोबर फक्त एक पुतण्या. शिनोबाईंनी दाराच्या फटीतून बघून घेतलं. कुझे साहेब कमरेत वाकून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि बाईंना त्यांची दया आली. इतका सज्जन माणूस, पण बोलताना सतत कुणीतरी मागून ऐकतंय असं वाटून शब्द गिळणारा.

निखारे तयार होते. माशाला मीठ लावून झालं होतं. सूप उकळीला आलं होतं, त्यात बाईंनी साकेचा, तांदळाच्या दारूचा, थेंबही पडू दिला नव्हता. आधी भेट, मग जेवण, असा क्रम ठरला होता. बाई कान टवकारून उभ्या राहिल्या. त्यांना मनातून वाटत होतं, शेख पेटी उघडतील, वा म्हणतील, आणि साहेब सांगतील, आमच्या शिनोबाईंच्या गावचे आहेत.

बाहेर गाठ सुटल्याचा आवाज काही आला नाही. मग शेखांचा आवाज. आधी हळू. मग चढलेला. मग खुर्ची मागे सरकली.

“काय झालं रे? काय म्हणतायत?” बाईंनी मरझूकला विचारलं.

मरझूक चांगला कान दाराला लावून ऐकत होता. त्याने वळून बघितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

“बहिणी, पेटीत काय होतं?”

“मोती.”

“कुठले?”

“आमचे. जपानचे.”

मरझूकने कपाळावर हात मारला. “शेख घानिमला तुम्ही जपानचे मोती दिलेत?”

आणि मग त्याने मोडक्या दोन भाषांत, हातवारे करत, भराभर सांगितलं. तेल यायच्या आधी या किनाऱ्याला एकच धंदा होता, समुद्राच्या तळाशी जाऊन मोती आणण्याचा. शेखांचं घराणंही तेच करायचं. शेख काय, तेव्हा शेख म्हणजे दोन खजुराची झाडं आणि एक गलबत. घानिम स्वतः नाकाला चिमटा लावून पायाला दगड बांधून उतरायचा. मरझूकही उतरायचा. मग एका वर्षी मुंबईचे व्यापारी आले, मोत्यांना हात न लावता म्हणाले, जपानी लोक शिंपल्यात मोती पेरतात, टोपलीभर स्वस्त मिळतात, तुमचे कोण घेणार? आणि गेले. दोन हिवाळ्यांत किनारा ओस पडला. गलबतं फोडून लोकांनी चुली पेटवल्या. घानिमची धाकटी बहीण त्यातच गेली. भुकेने.

“त्या डोळ्यात पडदा पडलाय ना, तो खाऱ्या पाण्याने,” मरझूक म्हणाला. “आता तो निघालाय. मीठ न खाता निघालाय बहिणी. आज गेला तर पुन्हा येणार नाही. इथे ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी वैर नाही, आणि ज्याचं नाकारलं त्याच्याशी सोयरीक नाही.”

शिनोबाई मटकन स्टुलावर बसल्या. टोपलीभर स्वस्त. त्या टोपल्या त्यांनी भरल्या होत्या! सोळाव्या वर्षी त्या गावच्या मोत्यांच्या शेतावर कामाला लागल्या होत्या. तराफ्यावर बसायचं, शिंपला किंचित उघडायचा, आत चिमट्याने गोल मणी सरकवायचा, मिटून पुन्हा पाण्यात सोडायचा. बोटं इतकी हलकी की मुकादम सगळ्यांना दाखवायचा. तरणपणची केवढी फुशारकी होती ती! आणि त्याच वर्षांत इथे कुणाची तरी बहीण उपाशी मेली होती.

मोती कुणी सुचवले? मी. साहेबांची तीन वर्षं कुणी पाण्यात घातली? मी. आणि गावची ती बोट? त्यांना रडावंसंही वाटलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसंही.

मग त्या उठल्या. ॲप्रन काढायचं भान राहिलं नाही. माशाचा हात तसाच पुसून त्यांनी दार ढकललं.

*

दिवाणखान्यात शेख उभे होते, पुतण्या त्यांचा अंगरखा सावरत होता. टेबलावर पेटी उघडी पडली होती. कुझे साहेब इतके वाकले होते की त्यांचा चेहरा दिसत नव्हता, आणि ओनोदेरा पांढरेफटक पडले होते.

“शिनोबाई, आत जा,” ओनोदेरा दबक्या आवाजात म्हणाले.

बाई आत गेल्या नाहीत. त्यांनी शेखांच्या वाटेत गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

“हे मोती द्या असं मी सांगितलं. साहेबांनी नाही. मी मोत्याच्या शेतावर काम करत होते, याच हातांनी शिंपल्यात मणी घालत होते. तुमच्या गावाचं काय झालं ते मला आत्ता, या घडीला कळलं. कळलं नव्हतं म्हणून काही गुन्हा कमी होत नाही. मला काय बोलायचं ते बोला. पण जेवून जा. मासा तुमच्या समुद्रातला आहे, मीठही तुमचंच आहे. माझा त्यात फक्त विस्तव.”

ओनोदेरांनी घसा खाकरला आणि अरबीत दोन शब्द बोलले.

बाईंनी मान वर केली. “अहो, एवढं बोलले मी, आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलंत?”

“मी... तुम्ही माफी मागताय असं सांगितलं.”

“माफी तर कुणीही मागतं! सगळं सांगा. याच हातांनी म्हणाले, तेही सांगा.”

ओनोदेरांनी कुझे साहेबांकडे बघितलं. साहेब सरळ झाले होते. त्यांनी एकवार डोळे मिटले आणि मान हलवली. मग ओनोदेरांनी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द.

शेखांनी बाईंचे हात बघितले.

“मणी कसला घालायचीस?” त्यांनी विचारलं.

“दुसऱ्या शिंपल्याचा. घासून गोल केलेला.”

“शिंपला मरायचा?”

“पुष्कळ मरायचे.”

“आणि तुला काही वाटायचं नाही?”

“नाही वाटायचं,” बाई म्हणाल्या. “वाटायचं ते माझ्या आईला. ती बुडी मारणारी होती.”

ओनोदेरांनी ते सांगितलं तेव्हा शेखांची भुवई वर गेली. “बाई माणूस? बुडी?”

“आमच्या गावात बायकाच मारतात. मोत्यांसाठी नाही, खायच्या शिंपल्यांसाठी. माझा बाप बोटीवर दोर धरायचा. बाप समुद्रात बुडून गेला, मग मी धरायला लागले. आईने खालून हिसका दिला की सगळा जीव लावून ओढायचं. थोडा उशीर झाला तर...” त्या थांबल्या. “तुम्हाला सांगायला नको.”

“नको,” शेख म्हणाले.

“मग शेतावर मजुरी जास्त मिळते म्हणून मी दोर सोडला. आई त्यानंतर एकटीच किनाऱ्याजवळ बुडी मारत राहिली. पहिल्या कमाईतून मी तिला मोत्याची पिन घेतली. तिने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, शिंपल्याला फसवून काढलेलं मला नको, मी जे आणते ते श्वास मोजून आणते. मला राग आला होता. मागल्या महिन्यात साहेबांनी भेट विचारली तेव्हा मोती म्हणाले ना, ते तिला ऐकवायलाच म्हणाले असेन. ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी.”

शेखांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“वर आल्यावर ती काय करायची, तुझी आई?”

बाईंना प्रश्न कळला. दुसऱ्या कुणाला कळला नसता. त्यांनी ओठांचा बारीक चंबू केला आणि छातीतला श्वास हळूहळू सोडला. लांब, उंच, थरथरती शीळ निघाली. छाती फुटू नये म्हणून तळाहून आलेली प्रत्येक बाई असा श्वास सोडते. शिमाच्या किनाऱ्यावर दिवसभर हाच आवाज असतो. बाईंनी तो तोंडाने काढला नव्हता त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि शेवटी शेवटी त्यात हुंदका मिसळला.

दाराशी मरझूक येऊन उभा होता. तो मोठ्याने म्हणाला, “अल्ला, तोच श्वास.”

शेखांनी त्याच्याकडे बघितलं. “मरझूक, वर आल्यावर तू काय करायचास?”

“मी? मी दोर ओढणाऱ्याला आईवरून शिवी द्यायचो, शेख.”

“मलाही दिली होतीस.”

“तुम्ही उशीर केला होतात!”

आणि शेख घानिम हसले. आधी नाकातल्या नाकात, मग दात दाखवून, मग पडद्याच्या डोळ्यातून पाणी येईपर्यंत. पुतण्याने असं काही पूर्वी पाहिलं नसावं, तो बावचळून अंगरखा धरून उभाच राहिला. शेखांनी त्याच्या हातातून अंगरखा सोडवला, काठी टेबलाला टेकवली आणि खाली गालिच्यावर बसले.

“आण तो मासा,” ते म्हणाले. “करपला असेल तर मात्र तह नाही.”

“अगंबाई, मासा!” शिनोबाई उठून पळाल्या.

नशीब बलवत्तर, मासा निखाऱ्यावर चढलाच नव्हता. बाईंनी तो भाजला तसा जन्मात भाजला नसेल. कातडी फुलली, कडेचं मीठ तडतडलं, आणि तो ताटात घालून त्या बाहेर आल्या तेव्हा शेखांनी चमच्याकाट्यांकडे न बघता उजव्या हाताने गालाजवळचा मऊ तुकडा तोडला. सगळे बघत होते. त्यांनी तो तोंडात टाकला, चावला, गिळला.

“मीठ बरोबर आहे,” शेख म्हणाले.

कुझे साहेबांनी खिशातून रुमाल काढून डोळे टिपले. आणि त्यांना त्याची लाज वाटली नाही.

जेवण उरकत आलं तेव्हा शेख साहेबांकडे वळले. “कुझे, तीन वर्षं तुम्ही माझ्याकडे आलात. बोललात ते सगळं छापील. तुमचं सरकार बदललं म्हणून तुम्ही आमचे भाऊ झालात, हेही छापील. तेल तर मी कुणालाही विकेन. पण मला एक सांगा. तेल आज आहे, उद्या आटेल. समुद्र राहील. आमची पोरं आता पाण्यात पाय घालत नाहीत. तुमच्याकडे बोटी आहेत, मासेमारी आहे, बुडी मारणाऱ्या बायका आहेत. इथे मासेमारीची शाळा काढून द्याल? माझ्या किनाऱ्यावर? तुमच्या लोकांनी माझा समुद्र रिकामा केला, तुमच्याच लोकांनी तो भरावा.”

ओनोदेरांनी जपानीत सांगितलं. साहेबांचं पुढचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. असल्या गोष्टीसाठी टोकियोत निदान सहा खात्यांचे शिक्के लागतात. साहेब आता ‘अनुकूल विचार करू’ म्हणणार, आणि सगळं मुसळ केरात.

कुझे साहेबांनी तोंड उघडलं. “अनु...”

शिनोबाई चहाचं तबक घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी काही खूण केली नाही, डोळेही वटारले नाहीत. पण साहेबांची नजर त्यांच्या कपाळावर गेली. मघाशी जमिनीला टेकलेल्या कपाळाला अजून गालिच्याची लाल लव चिकटलेली होती.

साहेब थांबले.

“हो,” ते म्हणाले.

ओनोदेरांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय म्हणालात, साहेब?”

“हो म्हणालो. शाळा काढू. टोकियोचं मी बघतो. नाही ऐकलं तर निवृत्तीचा अर्ज देईन आणि पहिला मास्तर म्हणून मीच येईन. अरबीत ‘हो’ला एकच शब्द आहे ना? तो सांगा.”

ओनोदेरांनी तो सांगितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा भाषांतर करताना त्यांचा आवाज खोलीभर घुमला. मरझूकने दाराशी टाळी वाजवली. त्याला कुणी गप्प केलं नाही.

*

करारावर त्याच आठवड्यात सह्या झाल्या. टोकियोत पाच खात्यांनी डोळे वटारले आणि सहाव्याने शिक्का मारला, कारण तेल बंदराला लागलं होतं आणि वर्तमानपत्रं कुझे साहेबांचा जयजयकार करत होती. फोटोत साहेब होते, शेख होते, कोपऱ्यात ओनोदेरांचा अर्धा कान होता. स्वयंपाकीण कुठेच नव्हती आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. तिला बहिणीने कळवलं होतं की बोट निघाली. बाईंनी त्या दिवशी मरझूकला दुप्पट मासे आणायला लावले आणि वकिलातीच्या माळ्यालासुद्धा जेवायला बसवलं.

“बहिणी, आज काय सण?” मरझूकने विचारलं.

“आज माझ्या मेव्हण्याचं लग्न लागलं,” बाई म्हणाल्या. “डिझेलशी!”

मोत्यांचा सर शेखांनी परत पाठवला होता, टोकियोने तो मुकाट्याने ठेवून घेतला. वसंतात साहेबांची बदली झाली, वरच्या पदावर. निघायच्या दिवशी शेखांचा पुतण्या विमानतळावर आला आणि साहेबांना ओलांडून थेट शिनोबाईंपाशी गेला. एका जुनाट लाल फडक्याची पुरचुंडी त्याने त्यांच्या हातावर ठेवली.

“काकांनी दिलंय. शेवटच्या बुडीतलं. व्यापाऱ्याने घेतलं नव्हतं.”

आत एक मोती होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, एका बाजूने चपटा, पिवळट. बाईंनी तो पुढच्या दातांवर हलकेच घासला. तरणपणी असे हजारो दाणे हाताखालून गेले होते, पण हा दातांना वेगळा लागला. त्यांनी मूठ मिटली आणि विमानात बसेपर्यंत उघडली नाही.

शिमात पोचल्यावर त्या आधी बहिणीकडे गेल्या नाहीत. बॅग धक्क्यावर मेव्हण्याच्या स्वाधीन केली आणि टेकडी चढल्या. वर पाइन वृक्षांखाली गावाची दफनभूमी आहे. आईच्या दगडाशी त्यांनी उदबत्त्या लावल्या, पाणी घातलं, शेवाळ खरवडलं. खाली बंदरातून मेव्हण्याच्या बोटीचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला. मग त्यांनी पुरचुंडी सोडली आणि तो वाकडा दाणा उदबत्तीच्या राखेत बोटाने खोल दाबला.

“घे आई,” त्या म्हणाल्या. “हा पेरलेला नाही.”

मग त्या दगडाला पाठ टेकून बसल्या आणि चढणीने फुललेला दम हळूहळू सोडला. ओठांतून लांब शीळ गेली. खाली खडकांपाशी बायका पाण्यात होत्या. त्यांच्यातली एक वर आली, तिनेही श्वास सोडला, आणि पुन्हा बुडी मारली.